प्रकाशकाला जास्त विचारलं तर पुस्तक हातचं जाईल का?

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता माझ्याकडे, 29 वर्षांचा, इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). तक्रार काय तर झोप लागत नाही. बोलता बोलता कळलं की चार वर्षं रात्री जागून त्याने विज्ञान कादंबरी लिहिलीय, उजनीचं पाणी कुणाला किती द्यायचं हे मशीन ठरवतंय अशी, आणि एका छोट्या प्रकाशकाचं पत्र आलंय, निवड झाली, 45 हजार भरा, आठ दिवसांत कळवा. पतपेढीतून कर्ज काढायला निघाला होता. "मॅडम, जास्त विचारलं आणि ते चिडले तर? परत कोण विचारणार मला, सांगा की."

हीच भीती मला लिहिणाऱ्या पोरापोरींमध्ये सारखी दिसते.

पत्र मोठ्याने वाच म्हणलं. त्यात कादंबरीतलं एक पात्र नाही, एक प्रसंग नाही, नुसतं कौतुक. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा टोपणनावाने पाठवली होती, परीक्षकांसमोर नाव नव्हतं, पानंच होती. इथं उलटं, नाव माहितीय, पानं वाचल्याची खूणच नाही. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मीही बसू दिलं.

मग कामाला लावलं. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन त्या प्रकाशकाची पुस्तकं हातात घे, त्या लेखकांना फोन कर. पुस्तकं दोनच सापडली, एक कवितांचं, एक राशिभविष्याचं, विज्ञानाचं काहीच नाही. एका लेखकाच्या तीनशे प्रती पलंगाखाली पडून होत्या, त्याला रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्याचा, हिशोबही कधी आलाच नाही. दुसरी बाई मात्र खूश होती, तिला नातेवाइकांना वाटायलाच पुस्तक हवं होतं आणि तसं असेल तर पैसे देण्यात मला काही वावगं वाटत नाही.

करारात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावलेले, जो आपल्याकडे सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. आणि "सर्व हक्क कायमचे", म्हणजे ऑडिओ, ई-बुक, सिरीज सगळं गेलं. कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, पण "कायमचे" लिहून सही केली की ती सोय संपली ना. मी वकील नाही, म्हणून करार वकिलाला दाखवायला लावलाच.

त्याने चार साधे प्रश्न मेल केले, किती प्रती छापणार, कुठं विकणार, हिशोब कधी देणार, हक्क किती वर्षं. उत्तर आलं, "विश्वास नसेल तर राहू द्या." त्या दिवशी तो माझ्यासमोर रडला, चार वर्षं होती हो त्याची त्यात.

परवा परत आला होता. दुसऱ्या एका प्रकाशकाला तीन प्रकरणं पाठवली होती, त्यांनी नाहीच म्हणलंय, पण खाली दोन ओळी लिहिल्यात की तिसऱ्या प्रकरणात मशीनचा निर्णय लोक मुकाट्याने का ऐकतात ते पटत नाही. ते त्याने मला दोनदा वाचून दाखवलं आणि तिसरं प्रकरण परत लिहायला घेतलंय म्हणला.