कार्ड दुकानात आणि पिन दुकानदाराला पाठ!

प्रश्न: माझी मुलगी नर्स आहे, ऑस्ट्रेलियात डार्विनला होती, आता ड्युटी आर्नहेम लँडमधल्या एका लांबच्या आदिवासी वस्तीत लागलीये. परवा फोनवर सांगत होती की तिकडच्या काही दुकानांत गिऱ्हाइकांची एटीएम कार्डं दुकानदाराकडेच असायची म्हणे, पिनसकट! एवढ्या श्रीमंत देशात असं कसं? उधारीची वही आम्हीपण पाहिलीये, पण आपलं पासबुक कोणी वाण्याकडे ठेवत नाही. आणि दुसरं, तिथे घरातली लाइट सारखी जाते म्हणते, ते का? — एक आई

उत्तर: ताई, लेकीने सांगितलं ते खरंय. दुकानातल्या उधारीला तिकडे ‘बुक अप’ म्हणतात, आणि काही दुकानदार त्यासाठी कार्ड-पिन स्वतःकडे ठेवून घ्यायचे. सरकारी भत्ता खात्यात पडला की त्याच दिवशी दुकानदार कार्ड घासून पैसे काढून घेणार, मग थोडी उधारी वळती करणार आणि उरलेल्यात किराणा देणार. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मिंटाबी गावातल्या अशाच एका दुकानदारावर तिथल्या एएसआयसी या कंपन्या-कर्जांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, गिऱ्हाइकांचा गैरफायदा घेतला म्हणून, केस केली होती, ती पार हायकोर्टापर्यंत गेली (तिकडे हायकोर्ट म्हणजे सगळ्यात वरचं कोर्ट बरं का) आणि जून २०१९ मध्ये ४ विरुद्ध ३ अशा मतांनी दुकानदार त्या आरोपातून सुटला. निकालात म्हटलं की गिऱ्हाइकांना व्यवहार कळत होता, ते आपणहून आले होते आणि त्यांचा थोडा फायदाही होत होता. फायदा कसला, तर पैसे हातात आले की नातेवाईक मागायला येतात, तिकडच्या बोलीत त्याला ‘हंबग’ म्हणतात, नाही म्हणणं रीतीत बसत नाही, मग कार्डच जवळ नाही म्हटलं की विषय मिटला. मला स्वतःला ते ३ जज जास्त पटतात, पण नुसतं ‘लुटलं बिचाऱ्यांना’ म्हणून हे प्रकरण संपत नाही एवढं खरं.

आता मुळात बँक का नाही? अंतर तर आहेच, पावसाळ्यात रस्ते बंद होतात, माल बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने, येतो. पण माझ्या मते अंतरापेक्षा कागद जास्त नडतो. म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख मिशनवाल्यांनी किंवा सरकारी बाबूने अंदाजाने १ जानेवारी नाहीतर १ जुलै लिहिलेली, नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा, आणि बँकेचा फोन लागलाच तर पलीकडून आधी जन्मतारीखच विचारणार, झालं, ‘माहिती जुळत नाही’ म्हणून फोन ठेवला! कार्ड हरवलं तर नवीन पोस्टाने येईपर्यंत काय खायचं? अशा वेळी दुकानदार निदान ओळखतो तरी.

वर चार्जेस. एटीएमवर नुसता बॅलन्स बघायलाही पैसे कापायचे, आणि भत्ता जमा झाला का हे बघायला माणूस दिवसातून चारदा मशीनपाशी जाणारच ना. डिसेंबर २०१२ पासून जास्तीत जास्त ७६ दुर्गम वस्त्यांमधल्या एटीएमचे चार्जेस बंद झाले. २०१८ मध्ये बँकांच्या चौकशी आयोगाची एक सुनावणी डार्विनला झाली, २०१९ च्या अहवालात आयोगाचे प्रमुख न्या. केनेथ हेन यांनी सांगितलं की अशा लोकांना बिनफीचं साधं खातं द्या आणि ओळखपत्राचे नियम जरा सैल सोडा. तरी जुलै २०२४ मध्ये एएसआयसीने बघितलं तर भत्त्यावर जगणारे कितीतरी लोक अजून फीवाल्या खात्यातच पडलेले, मग ४ बँकांनी मिळून २.८ कोटी डॉलरहून जास्त पैसे परत करायचं कबूल केलं. म्हणजे बिनफीचं खातं आधीपासून होतं, फक्त ते आहे असं कोणी सांगितलं नव्हतं.

चांगलं उदाहरणही तुमच्या मुलीच्याच भागातलं आहे. आर्नहेम लँडच्या जाणत्या म्हाताऱ्यांनी १९९४ मध्ये स्वतःचीच पतसंस्था काढली, ट्रॅडिशनल क्रेडिट युनियन. काउंटरवर वस्तीतलीच मुलं-मुली, तिथली भाषा बोलणारी. समोरची आजी कोण, कुणाची, हे त्यांना पासपोर्ट बघून कळावं लागत नाही.

लाइटचं उत्तर छोटं आहे. बऱ्याच घरांना प्रीपेड मीटर आहे, मोबाइलसारखं रिचार्ज संपलं की अंधार. नॉर्दर्न टेरिटरीतल्या (डार्विन आणि आर्नहेम लँड ज्यात येतात तो प्रांत) २८ वस्त्यांमधल्या जवळजवळ ३,३०० घरांचा अभ्यास झाला होता, त्यात २०१८-१९ या एका वर्षात ९१ टक्के घरांची वीज निदान एकदा तरी गेली, ७४ टक्के घरांची तर दहापेक्षा जास्त वेळा. कडक उन्हाळ्यात एसी-पंखा चालवला की रिचार्ज लवकर संपणार, म्हणजे जेव्हा जास्त गरज तेव्हाच जाणार. तुमची लेक नर्स आहे, तिला विचारा, डायबेटिसचे पेशंट तिथे किती आहेत आणि फ्रिज बंद पडला की इन्सुलिन कुठे ठेवतात.