वाचकांचे प्रश्न : डोंगर, ढग आणि ताणलेले स्लायडर

प्रश्न : वादळी ढगांखालच्या डोंगररांगांचा फोटो लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट केला. हायलाइट्स (उजळ भाग) -१००, शॅडोज (गडद भाग) +१००, क्लॅरिटी +६०, डीहेझ (धूसरपणा घालवणारा स्लायडर) +४५. मला जबरदस्त वाटतो, पण पाहणारे म्हणतात, ‘नकली दिसतोय’, ‘डोंगराभोवती पांढरी रेघ आलीय’. कुठे चुकलं?

उत्तर : रेघ आहेच. १०० टक्के झूम करून डोंगराच्या धारेवरून नजर फिरवा. क्लॅरिटी शेजारशेजारच्या भागांतला उजेडाचा फरक ताणते. काळी धार आकाशाला भिडते तिथे आकाश जास्त उजळतं आणि खडक जास्त काळवंडतो. हायलाइट्स-शॅडोज टोकाला नेले की रेघ आणखी ठळक होते.

‘नकली’चं कारण वेगळं. +१०० आणि -१०० करून तुम्ही ऊन-सावलीतला मोठा फरक पुसलात आणि तो क्लॅरिटीने दगडादगडांत भरून काढलात. आता प्रत्येक दगड सारखाच ओरडतोय. नाट्य हवं तर थोडा अंधार राहू द्यायला हवा.

डीहेझचंही तेच. लांबच्या रांगा फिकट आणि निळसर दिसतात, कारण मधल्या हवेत प्रकाश विखुरतो; त्या फिकटपणावरूनच डोळ्याला अंतर कळतं. सबंध फ्रेमवर डीहेझ लावलं की मागची रांग पुढच्या रांगेला येऊन चिकटते.

सगळे स्लायडर शून्यावर आणून नव्याने सुरुवात करा. हायलाइट्स -४०, शॅडोज +२० च्या आसपास पुरतात. व्हाइट्स (सर्वात उजळ भाग) सरकवताना ऑल्ट दाबून ठेवा. पडदा काळा होतो आणि पांढराफटक पडून तपशील हरवलेला भागच दिसतो. काळ्या पडद्यावर ढगाचा ठिपका उमटला की थोडं मागे या. क्लॅरिटी फक्त जवळच्या खडकावर, ब्रशने, +१५ पर्यंत आणि धारेपासून जरा आत. मग ज्या उतारावर मुळातच ऊन आहे तिथे एक्स्पोजर +०.३, त्याच्या आजूबाजूला -०.३, ब्रशचा फ्लो (एका फटक्याचा जोर) १० च्या आसपास. ऊन नव्हतं तिथे ते रंगवू नका. सावल्यांची दिशा लगेच चुगली करते.

आकाश गडद करताना आपोआप निवडलेल्या मास्कची (बदल लागू होईल त्या भागाची) कड अनेकदा धारेपर्यंत नीट पोहोचत नाही आणि तिथे उजळ पट्टी उरते. लिनियर ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा मास्क) ओढा आणि ल्युमिनन्स रेंजने (उजेडानुसार निवड) तो उजळ भागापुरता ठेवा, म्हणजे काळा खडक वगळला जाईल. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडरही ऑल्ट दाबून सरकवा, आकाश पूर्ण काळं दिसेपर्यंत. नाहीतर ढगांतला नॉइजही (दाणेदारपणा) धारदार होतो.

प्रश्न : बर्फ कधी राखाडी येतो, कधी निळा. पांढरा कसा करायचा?

उत्तर : राखाडी येतो तो कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरमुळे. मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी धरतो, म्हणून बर्फ फ्रेमभर असेल तर फोटो काढतानाच +१ ते +१.७ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) द्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला धडकत नाही ना, ते पाहा. निळा मात्र बऱ्याचदा बरोबर असतो : सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा प्रकाश पडतो. तिथे व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (टेकवाल तो भाग रंगहीन धरून रंग बदलणारं साधन) टेकवलात तर उन्हातला बर्फ पिवळा पडेल. फारच डोळ्यात येत असेल तर निळ्याचं सॅच्युरेशन १०-१५ ने उतरवा, पण आकाशही फिकं पडेल. त्यामुळे हे मास्क करूनच.

प्रश्न : एकाच फोटोवर एक जण म्हणतो आकाश गडद करा, दुसरा म्हणतो उजळ करा. ऐकायचं कुणाचं?

उत्तर : उपाय दोन असले तरी दोघांनाही खटकलंय ते आकाशच. तक्रार कशाबद्दल आहे ते घ्या, औषध आपलं आपण शोधा. बहुधा आकाश आणि शिखर सारख्याच उजेडाचे झालेत आणि नजर कुठे थांबावी ते कळत नाही. फोटो अंगठ्याएवढा करून, तात्पुरता कृष्णधवल करून पाहा. शिखर आकाशात विरघळत असेल तर हेच कारण. मग दोन व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइलला धक्का न लावता केलेल्या प्रती) करा, एकीत फक्त आकाश अर्ध्या स्टॉपने उतरवा, दुसरीत फक्त शिखर उजळा. एका कॉपीत एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही.

मत मागताना ‘कसा वाटला?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच मिळणार. त्याऐवजी ‘नजर आधी कुठे गेली?’ विचारा आणि एडिट न केलेली प्रतही सोबत द्या. ती पाहिल्याशिवाय दोष प्रकाशाचा की एडिटिंगचा, हे समोरच्याला सांगता येत नाही. ‘फार गडद’ हा एकच शेरा वेगवेगळ्या फोटोंवर येत असेल तर आधी स्क्रीनची ब्राइटनेस तपासा. ती फार जास्त ठेवली की फोटो नकळत गडद केले जातात आणि प्रिंट काळपट निघते.