भाडं हवंय की जागा? – वाचकांच्या प्रश्नांना वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : नारायण पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या वडिलांनी 1978 साली भाड्याने दिल्या. भाडं महिना 350 रुपये. गेले 26 महिने ते आलेलं नाही. भाडेकरूंनी धायरीला फ्लॅट घेतलाय, सगळं कुटुंब तिकडेच राहतं. इथे कुलूप. दिवाळीच्या आधी येऊन झाडून जातात, तेवढंच. माझ्या मुलाचं लग्न ठरलंय, आम्हाला खोल्या हव्या आहेत. पुतण्या म्हणतो, त्यांचं कुलूप तोडून आपलं लावू आणि नळ बंद करू. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी पुतण्याला थांबवा. आज रात्रीच सांगा. तुम्ही कुलूप तोडलंत तर भाडेकरू विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात वाडा कोणाचा हा प्रश्नच निघत नाही. कायद्याच्या वाटेने न जाता ताबा काढून घेतला का, एवढंच कोर्ट बघतं. नळाचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे भाडेकरूचं पाणी किंवा वीज सबळ कारण नसताना तोडणं हा गुन्हा आहे. बाजू तुमची खरी आहे. ती तुमच्याच हाताने बिघडवू नका.

आता मला एक सांगा, तुम्हाला भाडं हवंय की जागा? पत्र वाचून मला तरी जागाच हवी असं वाटतंय. पण बहुतेक मालक अशा वेळी थकबाकीच्या नोटिशीने सुरुवात करतात आणि त्यातच अडकून बसतात.

थकबाकीचं कसं आहे बघा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 खाली आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून 90 दिवस उलटल्याशिवाय थकबाकीच्या कारणावर दावाच लावता येत नाही, आणि त्या 90 दिवसांत भाडेकरूने पैसे भरले तर विषय संपला. नाही भरले, तुम्ही दावा लावला, तरी समन्स मिळाल्यापासून त्याला पुन्हा 90 दिवस मिळतात. त्या मुदतीत थकलेलं भाडं, त्यावर साल दरशेकडा 15 प्रमाणे सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढे निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला, तर या कारणावर त्याला काढता येत नाही. तुमची थकबाकी 26 गुणिले 350, म्हणजे 9,100 रुपये. धायरीला फ्लॅट घेणारा माणूस एवढी रक्कम समन्स हातात पडताच भरून टाकेल. तुम्हाला पैसे मिळतील, खोल्या मिळणार नाहीत.

तरीही नोटीस द्याच, कारण काही भाडेकरू पहिली रक्कम भरतात आणि मग दर महिन्याचं भाडं कोर्टात भरायला विसरतात. हयगय केली की हे संरक्षण निसटतं. नोटिशीत महिनावार हिशेब लिहा, आकडा फुगवू नका. तीन वर्षांहून जुनी बाकी दाव्यात वसूल होत नाही. तुमची सगळी त्या मुदतीत आहे. वडील वारले असतील तर सगळ्या वारसांची नावं घाला. एका सहमालकानेही दावा लावता येतो, पण बहीणभावांची संमती आधी घेतलेली बरी.

जागेसाठी तुमच्याकडे याहून भक्कम दोन कारणं आहेत, दोन्ही कलम 16 मधली. त्यांना 90 दिवसांच्या नोटिशीची अट नाही आणि ती एकाच दाव्यात मांडता येतात.

पहिलं, जागा विनावापर पडून असणं. दावा दाखल होण्याआधी सलग सहा महिने, योग्य कारणाशिवाय, जागा ज्यासाठी दिली त्यासाठी वापरलेली नसली पाहिजे. ‘कुलूप असतं’ हे तुम्ही म्हणून भागत नाही, आणि ‘आमचं सामान आहे, आम्ही येऊन-जाऊन असतो’ हे समोरून येणारच. इथे सगळ्यात उपयोगी पडतो जिन्याखालचा विजेचा मीटर. उद्या सकाळी त्यावरचा क्रमांक आणि रीडिंग यांचा फोटो काढा, पुढच्या महिन्यात पुन्हा काढा. आकडा हलला नाही तर तिथे रात्री दिवा लागत नाही हे उघड आहे. मीटर भाडेकरूच्या नावावर असला तरी अडचण नाही. दावा चालू झाल्यावर कोर्टामार्फत साक्षीसमन्स काढून महावितरणकडून दर महिन्याच्या युनिटांचा उतारा मागवता येतो. त्या कागदाची उलटतपासणी घेणं फार अवघड असतं. गॅसचं कार्ड, रेशनकार्ड आणि मतदारयादीतला पत्ता कुठला, हेही बघा. खालच्या मजल्यावरचे शेजारी साक्षीला येतील का, ते आत्ताच विचारा.

दुसरं कारण, तुमची स्वतःची खरीखुरी गरज. मुलाचं लग्न ठरलंय, सध्या तुम्ही किती जण किती खोल्यांत राहता, सून आली की झोपायचं कुठे, हे सरळ शब्दांत मांडा. गरज पटली तरी कोर्ट आणखी एक गोष्ट तोलतं: ताबा दिला तर भाडेकरूची अडचण मोठी, की नाही दिला तर तुमची? धायरीचा फ्लॅट कामी येतो तो इथे. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढून घ्या. ज्याला राहायला स्वतःचं घर आहे त्याची अडचण कोर्टाला मोठी वाटणं कठीण.

दावा पुण्याच्या लघुवाद न्यायालयात चालेल. वेळ लागेल, वर्षंही लागतील. हे न सांगता तुम्हाला कोर्टात पाठवणं मला बरोबर वाटत नाही. मध्ये तडजोडीचं बोलणं निघालं तर उठून जाऊ नका. पण जे ठरेल ते कोर्टात दाखल करून हुकूमनामा घ्या, तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. नारायण पेठेत दोन खोल्यांना 350 रुपये हा मालकावर अन्याय आहे, हे मी मनापासून मान्य करते. कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली आहे, तुमच्या बाबतीत ती चौदा रुपये होते. तुमचा राग मला कळतो.

प्रश्न : ठाण्यातला माझा फ्लॅट 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. मुदत संपली, तीन महिन्यांचं भाडं नाही, डिपॉझिटही संपलं. ते जात नाहीत. पोलिस म्हणतात हे दिवाणी प्रकरण आहे.

उत्तर : पोलिसांचं बरोबर आहे, घर रिकामं करून देणं त्यांच्या अधिकारात नाही. पण तुमचं काम वरच्या वाड्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. समोरच्याला समन्सनंतर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाहीतर आदेश तुमच्या बाजूने होतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागा. भाडं 22,000 असेल तर महिना 44,000. दरम्यान ‘भाडं’ म्हणून पैसे घेऊन पावती देऊ नका.

प्रश्न : मिरजेत आम्ही 31 वर्षं एका घरात भाड्याने आहोत. पावत्या मिस्टरांच्या नावावर होत्या. ते गेल्या वर्षी गेले. मालकांचा मुलगा चार महिने भाडं घेत नाही. म्हणतो, ‘काकू, पावतीवर तुमचं नावच नाही, तुम्ही कसल्या भाडेकरू?’ मी कुठे जाऊ?

उत्तर : ताई, कुठेही जाऊ नका. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर त्या घरात राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 7 मध्येच तसं म्हटलं आहे.

तो भाडं का घेत नाही, ते ओळखा. उद्या ‘या भाडं देत नाहीत’ असं कोर्टात म्हणायची सोय तो करतो आहे. म्हणून भाडं तुमच्याकडून निघालं याची दर महिन्याला खूण राहिली पाहिजे. चार महिन्यांचं थकलेलं भाडं मनीऑर्डरने पाठवा आणि संदेशाच्या जागेत महिन्यांची नावं लिहा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन ती परत आली तर वाईट वाटून घेऊ नका, तो शेराच तुमचा पुरावा आहे. पोस्टाची पावती आणि परत आलेला कागद एकत्र टाचून ठेवा. मालकाच्या बँक खात्याचा क्रमांक माहीत असेल तर थेट तिथे भरा. सोबत स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन, एक साधं पत्र पाठवा: मिस्टर अमुक तारखेला वारले, मी त्यांच्याबरोबर इथेच राहत होते, भाडं द्यायला तयार आहे, पावती माझ्या नावे द्या. पावती देणं हे कलम 31 प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे.

कोऱ्या किंवा स्टॅम्पच्या कागदावर सही मागितली तर करू नका. नोटीस आली तर परत पाठवू नका, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि वकिलाकडे जा. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना मिस्टरांचा मृत्यूदाखला, जुन्या पावत्या आणि तुमचं रेशनकार्ड घेऊन जा.