चॅनेल म्हणजे वाहिनी की दार?

प्रश्न निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या एका बाईंचा आहे. स्नायूपेशीतल्या 'कॅल्शिअम रिलीज चॅनेल'ला 'कॅल्शिअम-मोचन वाहिनी' म्हणावं का? मुलांना ती रक्तवाहिनीसारखी नळी वाटते. कन्नड शाळेतल्या सरांनी 'कालुवे' सुचवला, म्हणजे आपला कालवाच.

कालवा नको. एक तर आमच्याकडं 'कालवा करू नका' म्हणजे गलका करू नका! दुसरं, कालवा पाणी लांब नेतो. हे चॅनेल काहीच कुठं नेत नाही. स्नायूपेशीच्या आत पातळ पडद्याच्या पिशव्यांचं जाळं असतं, त्यात कॅल्शिअमचा साठा. चॅनेल त्या पडद्यातच बसलेलं. हिडकल धरण आठवा: साठा म्हणजे जलाशय आणि चॅनेल म्हणजे धरणाचा दरवाजा, घटप्रभेचा कालवा नव्हे.

तो उघडतो कसा, तिथं खरी गंमत. हातापायांच्या स्नायूंत मज्जातंतूकडून आलेला इशारा विजेच्या रूपानं पेशीच्या आवरणावरून पसरतो आणि आवरणाच्याच आत शिरलेल्या बारीक नळ्यांत उतरतो. तिथं विद्युतदाबातला बदल ओळखणारं एक प्रथिन असतं. ते हलतं आणि समोरचं दार थेट उघडवतं. हृदयात असं नाही. तिथं बाहेरून आत आलेलं थोडंसं कॅल्शिअमच साठ्याचं दार उघडायला लावतं. सुटलेलं कॅल्शिअम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ॲक्टिनच्या बारीक तंतूवरची जागा मोकळी होते, मायोसिनचा जाड तंतू ती धरून खेचतो आणि स्नायू आकुंचन पावतो. मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून पडद्यातले पंप तेच कॅल्शिअम उपसून पुन्हा पिशवीत भरतात.

म्हणूनच 'मोचन' मला पटत नाही. मोचन म्हटलं की तालमीतला संकटमोचन मारुती आठवतो. इथं तर सुटलेल्याला लगेच परत कोंडतात. धरणातून पाणी सोडतात, तसं कॅल्शिअम 'सोडणं' पुरे.

या चॅनेलचं दुसरं नाव 'रायनोडिन ग्राही' (ग्राही म्हणजे रिसेप्टर, ठरावीक पदार्थ ज्याला चिकटतो ते प्रथिन), तेही फसवं. रायनोडिन हे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातल्या रायानिया नावाच्या झुडपातलं विष. ते या प्रथिनाला चिकटतं, एवढ्यावरून बारसं झालं. पेशीला त्या झुडपाशी काही देणंघेणं नाही. प्रथिन मात्र दांडगं: चार सारखे तुकडे, प्रत्येकात सुमारे ५००० अमिनो आम्लं. माहीत असलेल्या आयन चॅनेलांत, म्हणजे विद्युतभारित कणांना वाट देणाऱ्या प्रथिनांत, सर्वांत मोठं.

बाई, 'वाहिनी' रक्ताला आणि टीव्हीला राहू द्या. वर्गात 'कॅल्शिअम सोडणारं दार' म्हणा, आणि फळ्यावर शेजारी 'चॅनेल'ही लिहा. पुढं कॉलेजात मुलांना तेच भेटणार आहे.