विहीर कोरडी गेली तर माझ्या मुलीच्या नोकरीचं काय?

नमस्कार,

डोंबिवलीहून पत्र लिहिणाऱ्या बाबांना हे उत्तर. तुमची मुलगी झेवियर्सला जिऑलॉजी घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेत रँक चांगला आलाय म्हणजे आयआयटी बॉम्बेला एमएस्सीचा चान्स आहे, आणि तेवढ्यात राजस्थानात तेल शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या विहिरीवर मड लॉगरची, म्हणजे खोदताना वर येणारा खडक तपासून नोंदी ठेवायच्या कामाची ऑफर आली, तिला तिकडेच जायचंय आणि तुम्हाला झोप लागत नाहीये. तुम्ही लिहिलंय की तुमचे मेहुणे ओएनजीसीत होते, जुहूवरून हेलिकॉप्टरने समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रावर जायचे, पक्की नोकरी होती, मग हिला का मिळू नये.

बाबा, इथेच फरक आहे. ओएनजीसी सरकारी आणि मोठी, बॉम्बे हायला 1974 ला तेल लागलं आणि ते अजून निघतंय, त्या पैशावर दहा विहिरी वाया गेल्या तरी अकराव्यासाठी पैसा असतो. छोट्या कंपनीकडे कधीकधी दोन-तीन विहिरींपुरताच पैसा असतो, तोही शेअर विकून नाहीतर ब्लॉकमधला, म्हणजे तेल शोधायला मिळालेल्या जमिनीतला हिस्सा दुसऱ्या कंपनीला देऊन उभा केलेला. आणि नव्या जागी घेतलेल्या बहुतेक विहिरी कोरड्याच जातात, तेल नसेल तर खाली भरपूर पाणी लागलं तरी त्यांच्या भाषेत ती कोरडीच. पण लागलं तर लागतं, बाडमेरच्या ब्लॉकमधला आपला हिस्सा शेल कंपनीने 2002 ला केर्न कंपनीला विकला आणि 2004 च्या जानेवारीत केर्नला तिथेच मंगला हे तेलक्षेत्र सापडलं. म्हणून मुलीच्या डोळ्यात जी चमक दिसतेय ना तिला वेड म्हणू नका.

काम पण खरंच सुंदर आहे. माझ्याकडे येणारा एक मुलगा सांगायचा, बारा तासांची ड्यूटी, ड्रिल बिटने फोडलेल्या खडकाचा चुरा मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर वर येतो, शेकर नावाच्या हलणाऱ्या चाळणीच्या जाळीवरून तो उचलायचा, धुवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, मग अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली धरायचा, तेल असेल तर दाणे पिवळसर चमकतात. पहिल्यांदा चमकले तेव्हा रात्री तीनला त्याने आईला फोन केला होता!

पण त्याच मुलाचं 2015 ला काय झालं ते पण सांगते. 2014 च्या मध्यात बॅरलला शंभर डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव गडगडत होता, त्याची विहीर कोरडी गेली, पुढची कंपनीने रद्द केली, आणि याला कळलं की आपलं लेटर ऑइल कंपनीचं नाहीच, मड लॉगिंगच्या ठेकेदाराचं आहे, तेही त्या एका विहिरीपुरतं. छोट्या कंपन्यांकडे स्वतःची माणसं मोजकी असतात, रिग म्हणजे विहीर खोदायचं यंत्र, विहिरीचं सिमेंटिंग, खडकाच्या नोंदी घेणारं लॉगिंग, सगळं भाड्याने. नुसती बीएस्सी हातात, वर्षभर घरी बसला, मग एमएस्सी केली आणि मेट्रो 3 च्या बोगद्यात खडक तपासायच्या कामाला लागला. आजही विहिरीवरच्या त्या रात्री आठवून बोलतो.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, आधी एमएस्सी. दोन वर्षांनी विहिरी कुठे पळून जात नाहीत. ती वेलसाइट जिऑलॉजिस्ट, म्हणजे विहिरीवरची भूवैज्ञानिक म्हणून जाऊ शकेल, किंवा ओएनजीसीकडे, आणि तेलाचा भाव पडलाच तर धरणं, बोगदे, भूजल, सगळीकडे जिऑलॉजिस्ट लागतो.

तरीही ती आत्ताच जायचं म्हणाली तर अडवू नका, फक्त सही करायच्या आधी तिला तीन गोष्टी विचारायला लावा. लेटरवर नाव नेमकं कोणाचं आणि किती महिन्यांसाठी. सरकारशी केलेल्या करारात किती विहिरी घेणं बंधनकारक आहे आणि त्यातल्या किती झाल्या. आणि पुढच्या विहिरीचा पैसा आहे का, कंपनी शेअर बाजारात असेल तर ॲन्युअल रिपोर्ट बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो, दोघं मिळून वाचा. साइटवर मुलींची राहायची सोय आणि रात्रीच्या शिफ्टला दुसरी बाई असते का हे मात्र तुम्ही स्वतः फोन करून विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आयआयटीच्या ॲडमिशनची तारीख निघून जाऊ देऊ नका, फॉर्म आधी भरून टाका, रिगचं नंतर बोलू. तिला घेऊन शनिवारी दादरला या.