सायकलने राजमाची, पायी श्रीवर्धन

प्रश्न : सायकल आणि ट्रेक एकाच दिवसात होईल आणि डोंगरातलं तळंही पाहता येईल, अशी वाट मुंबईहून आहे का? सायकल लोणावळ्यापर्यंत न्यायची कशी? (एक वाचक, मुलुंड)

आहे. लोणावळ्याहून तुंगार्ली तलावावरून राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावाला जा. एका बाजूचं अंतर साधारण १५-१६ किलोमीटर आहे. तुंगार्लीनंतरचा रस्ता बराचसा कच्चा, दगडगोट्यांचा आहे. मध्येच वळवंडकडे एक फाटा फुटतो, तिथे अंदाज न बांधता विचारूनच पुढे जा.

पहाटेची इंद्रायणी एक्स्प्रेस सोयीची. सायकल मात्र तिकीट दाखवून ‘लगेज’ म्हणून बुक करा, ‘पार्सल’ म्हणून नाही. लगेज तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून येतं. पार्सल मागच्या गाडीने आलं तर दिवस गेला. मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते, त्यामुळे ठाण्याचा मोह टाळून सीएसएमटीलाच तासभर आधी पोहोचा. पेडल काढा, हँडल आडवं फिरवा आणि नाव व उतरायचं स्टेशन लिहिलेलं लेबल सायकलला दोन ठिकाणी बांधा.

वेळेचं गणित असं : साडेआठला लोणावळा सोडलं तर अकराच्या सुमारास उधेवाडी. सायकल एखाद्या घराच्या अंगणात विचारून ठेवा आणि पिठलं-भाकरी चढण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे उतरल्यावर खोळंबा नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे. एका दिवसात दोन्ही किल्ले करू नका, उंच असलेला श्रीवर्धन पुरे. दोनपर्यंत खाली या, मग जेवण आणि उदयसागर. गावालगतचं हे तळं जुन्या शिवमंदिराशेजारी आहे. चढून आल्यावर बसायला याहून चांगली जागा नाही, पण पाण्यात साबण नको आणि पोहणंही नको. साडेतीनला परत निघायचं म्हणजे निघायचंच. हिवाळ्यात सहाला अंधारतं आणि त्या दगडांवर बॅटरीच्या उजेडात उतारावर पडणारे खूप.

प्रश्न : कच्च्या रस्त्यावर माझी हायब्रिड सायकल दर वेळी पंक्चर होते. काटा मात्र सापडत नाही. (ठाणे)

ट्यूब काढून बघा. शेजारीशेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर दोष काट्याचा नाही. हवा कमी असली की दगडावर टायर दबतो आणि ट्यूब रिमच्या दोन्ही कडांशी चेमटते. ३५ मिमी रुंदीचा टायर असेल तर ट्यूबमध्ये ५० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा ठेवा, वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. २.१ इंची टायर बसत असेल तर ३० ते ३५ पुरते, आणि या वाटेला तोच टायर खरा. दोन ट्यूब, पॅच, पंप आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) सोबत हवीच. उधेवाडीत सायकलचं दुकान नाही.

प्रश्न : गाडीच्या कॅरियरवर नेताना पुढचं चाक काढलं. परत बसवलं तर फिरेचना. (पनवेल)

हायड्रॉलिक डिस्कब्रेक आहे ना? चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबला गेला. मध्ये डिस्क नसल्याने पिस्टन पुढे सरकले आणि डिस्कला धरणारे ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटले. टायर काढायचा प्लास्टिकचा चपटा लिव्हर पॅडच्या फटीत घालून दोन्ही बाजू हळूहळू मागे सारा. स्क्रूड्रायव्हर नको, पॅडवर ओरखडे पडतात. पुढच्या वेळी चाक काढताक्षणी पॅडमध्ये घडी केलेला जाड पुठ्ठा घाला. तेलकट पुठ्ठा चालणार नाही, पॅडने तेल शोषलं की ब्रेक लागतच नाही.

प्रश्न : क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या तळपट्टीचे) बूट घालून किल्ला चढता येईल का? (दादर)

नको. धातूची क्लीट ओल्या कातळावर घसरते. साधी पेडल आणि ट्रेकिंगचे बूट.