देवाला मी नकोय का?

“ताई, देव माझ्यावर प्रेम करतो का, तेवढंच सांगा,” एवढं बोलून तो गप्प झाला. वय २६, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा, आणि आपल्याला मुलगे आवडतात हे स्वतःशी कबूल केल्यापासून त्याने ८ महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये घेतात ती भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नव्हतं. हा प्रश्न घेऊन खूप जण येतात, कधी आईवडीलसुद्धा, म्हणून त्याला विचारून आणि ओळख बदलून लिहितेय.

मी विचारलं, घेऊ नको असं कोणी सांगितलं? कोणीच नाही, “अयोग्य प्रकारे” खाणारा दोषी ठरतो हे बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वाक्य डोक्यात बसलं होतं. मग आम्ही तो ११ वा अध्याय सुरुवातीपासून वाचला, तर पौल रागावलाय तो आधी पोटभर खाऊन गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांवर. अशा संबंधांमुळेच देवाने नाश केला असं ज्या सदोम नगरीबद्दल सांगतात, तिचंही तसंच, बायबलमध्येच यहेज्केल १६:४९ मध्ये तिचा दोष म्हणून गर्व आणि गरिबांना हात न देणं लिहिलंय. तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला.

पण मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवण्याविरुद्ध बायबलमध्ये लेवीय १८ आणि रोमकरांस १ हे उतारे आहेत, आणि त्यांवरून बऱ्याच मंडळ्या (चर्चेस) असे संबंध पाप मानतात. कॅथलिक चर्चही तेच शिकवतं, तरी अशा माणसांना आदराने, करुणेने वागवा असं त्यांच्याच धर्मशिक्षणात आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्नाला मात्र नाही. दुसरे अभ्यासक म्हणतात की पौलाच्या मूळ ग्रीक शब्दांचा अर्थच वादात आहे, आजच्या निष्ठेच्या नात्याबद्दल तो बोलतच नाहीये, आणि काही चर्चेस लग्नही लावतात. वाद खरा आहे, पण तो नात्याबद्दल आहे हो! देवाच्या प्रीतीपासून काहीही आपल्याला वेगळं करू शकत नाही हे रोमकरांस ८ मध्ये आहे आणि ते दोन्ही बाजू मानतात.

उपास-प्रार्थनेने हे बदलेल म्हणून त्याने अंगाचे हाल केले होते, ते मी आधी थांबवायला लावलं. हा आजार नाही, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच मानसिक आजारांच्या यादीतून काढला, आणि असं “बदलवणारी” मोठी ख्रिस्ती संस्था एक्झोडस इंटरनॅशनल २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली.

दोन महिन्यांनी मेसेज आला, “घेतलं ताई, हात थरथरत होते.” एकटं राहायचं की जोडीदार शोधायचा हे अजून ठरलं नाहीये, त्यासाठी गुरुवारी परत येतोय.